एक गडगा, ऐंशी धनी

बर्गंडीतील ‘क्लो द व्हूजो’ या तांबड्या वाइनविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्यातील निम्मे तरी तिच्या द्राक्षमळ्याभोवतीच्या दगडी भिंतीविषयी असते. ही गोष्ट आम्हांस खटकत आली आहे. एखाद्या ग्रंथाचे परीक्षण लिहावयास बसावे आणि त्याच्या बांधणीची व सोनेरी अक्षरांची स्तुती करून उठावे, तसा हा प्रकार होतो. भिंत जवळजवळ सातशे वर्षांची आहे, ती मठवासी साधूंनी बांधली, तिच्या आत जगातील अत्यंत नामांकित भूमी आहे, हे सारे मान्य. परंतु आज त्या भिंतीच्या आत जे पिकते व बाटलीत भरले जाते ते त्या कीर्तीस पात्र आहे काय, हा प्रश्न टीकाकाराने विचारावयाचा असतो. आणि त्याचे उत्तर, आमच्या मते, ‘काही ठिकाणी आहे, पुष्कळ ठिकाणी नाही’ असे द्यावे लागते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मद्य वर्ज्य आहे, हे आम्ही जाणतो. त्यांनी आपला नियम सोडावा असे सुचविण्याचा आमचा मानस नाही. पण धर्मसंस्थेने कमावलेली जमीन, तिच्या नावाला आलेली प्रतिष्ठा, पुढे झालेली वाटणी आणि वाटणीनंतरही अखंड राहिलेले नाव, हा विषय ज्या समाजाचे जीवन शतकानुशतके कुलदेवता, देवस्थान आणि महाजनकी यांच्याभोवती फिरले, त्यास परका वाटू नये. पेल्याला न शिवताही या प्रकरणाचा निवाडा करता येतो. पेल्यापुरता जो भाग आहे, तो आम्ही पुढे आमच्या जबाबदारीवर सांगू.

फ्रेंच भाषेत ‘क्लो’ म्हणजे बंदिस्त केलेले आवार. कोकणात व गोव्यात दगडाचा गडगा घालून जी भाटे राखतात, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद समजावा. गडग्याचे काम काय, तर गुरे बाहेर ठेवणे आणि हद्द दाखविणे. गडगा घातला म्हणून आतल्या माडाला नारळ अधिक लागत नाहीत. व्हूजोच्या भिंतीचेही मूळ प्रयोजन याहून फारसे वेगळे नसावे. परंतु काळ गेला, भिंतीला आख्यायिका चिकटल्या, आणि नेपोलियनच्या काळातील बिसाँ नावाच्या एका सेनाधिकाऱ्याने आपल्या तुकडीला त्या मळ्यापुढे शस्त्रे सादर करावयास लाविली, अशीही एक कथा सांगितली जाऊ लागली. कथा खरी असो वा नसो, भिंतीला वंदन करून पुढे जाण्याची चाल तेव्हापासून पडली, ती अद्याप मोडलेली नाही.

इतिहास थोडक्यात असा. इ. स. १०९८ मध्ये बर्गंडीतील दलदलीच्या, रानवट जागी सितो येथे एक मठ स्थापन झाला. त्यातून सिस्टर्शियन पंथ निघाला. जुन्या मठांत शिरलेली श्रीमंती व सैलपणा यांना कंटाळून बाहेर पडलेले हे लोक. साधे अन्न, पांढरे जाडे कपडे, आणि स्वतःच्या हाताने श्रम, हा त्यांचा बाणा. उपासनेस द्राक्षमद्य लागे, म्हणून द्राक्षभूमी हवी. आणि मठाच्या आसपास ती नव्हती. बाराव्या शतकाच्या आरंभापासून काही मैलांवर, व्हूजो येथील उतारावर, त्यांना दानाने जमिनी मिळू लागल्या. काही त्यांनी विकत घेतल्या, काही बदलून घेतल्या. तुकड्याला तुकडा जोडीत सुमारे दोन शतके हे काम चालले, आणि १३३६ च्या सुमारास साऱ्या मळ्याभोवती भिंत पुरी झाली. परंपरेने विजयनगरच्या स्थापनेचे जे वर्ष मानतात, तेच हे वर्ष. आत सुमारे ५० हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वाशे एकर जमीन आली. रस काढण्याचे अवाढव्य लाकडी चरक आणि पिंपांची कोठी या साधूंच्या वेळेपासून तेथे आहेत. १५५१ मध्ये आबे झाँ ल्वाझिए यांनी शेजारी एक देखणा वाडा बांधविला, तोही उभा आहे.

दोन शतके खपून जमीन एकत्र करणारे हे लोक आम्हांस त्या भिंतीपेक्षा अधिक आदरणीय वाटतात. त्यांनी कोणत्या ओळीत काय पिकते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, आणि मठात मृत्यूने माणूस बदलला तरी पाहण्याचे काम खंडित झाले नाही. एका कुटुंबाला हे साधत नाही. संस्थेला साधते, पण तीही जागी असेल तरच.

आता भिंतीच्या आत काय आहे ते पाहू, कारण सारा वाद तेथेच आहे. ही जमीन एकजिनसी नाही. पश्चिमेस वरच्या अंगाला वाड्याजवळचा भाग उथळ, चुनखडीच्या खड्यांचा. पाणी पडले की निथळून जाते. भिंतीपलीकडे त्याचे शेजारी म्युझिनी व ग्राँ एशेझो हे मळे आहेत, आणि शेजार शोभावा अशीच ती माती आहे. मध्यभागी चिकणमाती वाढते, तरी चुन्याचे खडे असतात. खाली, पूर्वेस, मोठ्या रस्त्याला लागून जमीन जवळजवळ सपाट, खोल व जड होते. पावसाळी वर्षी तेथे पाणी मुरून राहते. बर्गंडीत इतरत्र अशा उताराच्या खालच्या टोकाला, रस्त्याकाठी, पहिल्या प्रतीचा मान कोणी देत नाही. उताराचा मधला पट्टा श्रेष्ठ, वरचा व खालचा कनिष्ठ, असा तेथला सर्वसाधारण दंडक. व्हूजोच्या भिंतीत मात्र वरपासून रस्त्यापर्यंत सारी जमीन सर्वोच्च, ‘ग्राँ क्रू’ दर्जाची. असे का, तर ती भिंतीच्या आत आहे म्हणून.

साधूंच्या काळी या विषमतेचा दोष नव्हता. एक धनी होता, आणि तो वरचा, मधला व खालचा रस एकत्र करू शकत होता. कोरड्या वर्षी खालच्या मातीतला ओलावा उपयोगी पडे, ओल्या वर्षी वरच्या मातीचा निचरा. साधू तीन भागांची तीन मद्ये वेगळी करीत, सर्वोत्तम पोपसाठी राखीत, असेही सांगतात. या दोन्ही परंपरा एकाच दमात सांगितल्या जातात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, याकडे सांगणाऱ्यांचे लक्ष जात नाही. पण मिसळले काय किंवा वेगळे ठेवले काय, ठरविणारा एक होता, एवढे दोन्हींतून निघते.

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने धर्मसंस्थेच्या जमिनी राष्ट्राच्या केल्या आणि लगोलग त्या विकल्या. मळा तरीही फुटला नाही. १८१८ पासून तो उव्ह्रार घराण्याकडे होता, आणि तेथे तो अखंड राहिला. १८५५ साली ज्यूल लाव्हाल या विद्वानाने बर्गंडीच्या मळ्यांची प्रतवारी प्रसिद्ध केली. तीत क्लो द व्हूजोला अगदी वरच्या पंक्तीत बसविले. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. लाव्हालने ज्या वाइनला हा मान दिला ती एका धन्याची, एका तळघरातली, साऱ्या मळ्याची वाइन होती. १८८९ मध्ये मळा तुकड्यांनी विकला गेला. पुढे वारसांत वाटण्या झाल्या, कारण नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलांना समान हिस्सा. आज धन्यांची संख्या ऐंशीच्या घरात आहे. कोणाकडे पाच हेक्टर, कोणाकडे चार-सहा ओळी. आणि १९३७ मध्ये फ्रेंच शासनाने कायदेशीर दर्जा ठरविला, तेव्हा तो पुन्हा भिंत धरूनच ठरविला. म्हणजे एका धन्याने कमावलेला मान ऐंशी धन्यांना वाटून न देता, प्रत्येकाला पुरता दिला गेला.

यातील विसंगती आपल्या लोकांस समजावयास फार वेळ लागू नये. जमिनीची वाटणी होते तेव्हा खातेफोड होते, चतुःसीमा लिहिल्या जातात, कोणाच्या वाट्याला पाणथळ आले आणि कोणाच्या वाट्याला माळ, हे कागदावर येते. नावाच्या वाटणीत असे काही होत नाही. समजा, एखाद्या प्रसिद्ध देवस्थानाचा प्रसाद देवळाच्या रांधणीत न शिजता ऐंशी घरांच्या चुलींवर शिजू लागला, आणि प्रत्येक घरी देवस्थानाचीच मुद्रा वापरण्याची मुभा मिळाली. काही घरे सोवळ्याने, मन लावून करतील. काही घरी तूप पातळ होईल. भाविकाच्या हातात द्रोण एकच येणार. तक्रार झाली तर ती देवळाच्या नावावर होणार, आणि ज्या घरांनी नेम पाळला त्यांचाच तोटा अधिक. व्हूजोत हेच झाले आहे. आमच्या टीकेचा रोख आळशी धन्यांवर जितका आहे, त्याहून अधिक त्यांना झाकणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

त्या व्यवस्थेतील शहाण्यांना हे ठाऊक नाही असे नाही. वाड्याचा ताबा १९४४ पासून ‘शेव्हालिए द्यू तास्तव्हँ’ या १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाकडे आहे. झगे घालून, मिरवणुका काढून, मोठ्या पंगती करणारे हे मंडळ. त्याच्या थाटाची थट्टा पुष्कळ होते. परंतु त्याच मंडळाने १९५० पासून बर्गंडीच्या वाइन्स नाव झाकून चाखावयाच्या आणि पसंत पडतील तेवढ्यांना आपली मुद्रा द्यावयाची, असा उपक्रम चालविला. भिंतीच्या आत बसलेल्यांनाही नावावर विसंबून चालत नाही, याची ही कबुलीच नव्हे काय?

आता मुरण्याविषयी. क्लो द व्हूजोची थोरवी सांगताना ती ‘वीस वर्षे ठेवावी’ असे म्हणतात, आणि हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. पिनो न्वार ही पातळ सालीची जात. तिचे मद्य इतर तांबड्या मद्यांपेक्षा फिकट असते. पण व्हूजोचे मद्य तरुणपणी राकट, तुरट व अबोल असते. तुरटपणा सालीतून व बियांतून येतो, थोडा ओकच्या पिंपातूनही. बाटलीत, बुचातून शिरणाऱ्या अत्यल्प हवेच्या सान्निध्यात, हे तुरट अंश हळूहळू एकमेकांस चिकटून जड होतात व साका होऊन तळाशी बसतात. आम्लता तेवढी टिकून राहिली, तर फळाच्या ताज्या वासाच्या जागी दुसरेच, खोल वास येतात. आम्लता नसेल, तर मद्य म्हातारे न होता नुसते मरते.

हे ज्ञान केवळ पाश्चात्त्यांचे नाही. चरकसंहितेच्या अन्नपानविधीच्या अध्यायात नवे मद्य जड व दोष वाढविणारे, आणि जुने मद्य हलके, रुचकर व स्रोतसे मोकळी करणारे, असा भेद स्पष्ट केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून ते ज्या प्रदेशाचे त्यावरून त्याचे नाव पडते असे सांगितले आहे. कापिशायन हे असेच एक नाव. स्थान व वय या दोन्ही कसोट्या आपल्या शास्त्रकारांनी लाविल्या होत्या. त्यांपैकी व्हूजोच्या भिंतीने पहिली कसोटी बोथट केली आहे. दुसरी अद्याप तिच्या हाती लागलेली नाही, कारण वयाला लाच देता येत नाही.

पेल्याचा भाग तो हा. आप्तांनी आणलेल्या दोन बाटल्या गेल्या हिवाळ्यात हैदराबादेत आम्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही २००५ च्या, म्हणजे बर्गंडीतील एका उत्तम वर्षाच्या, आणि दोन निरनिराळ्या धन्यांच्या. एकाच्या ओळी वाड्याच्या अंगाला, दुसऱ्याच्या खाली रस्त्याकडे. दोन्हींवर शब्द तेच, दर्जा तोच; किमतीत फारसा फरक नव्हता. नावे आम्ही देत नाही, कारण एका जोडीवरून कोणाची अब्रू तोलणे बरे नव्हे.

वरच्या ओळींच्या वाइनचा रंग कडेला विटकरी झाला होता. ओतताच विशेष काही जाणवले नाही. पाऊण तासाने वास उघडला. वाळलेल्या गुलाबपाकळ्या, ओली माती, थोडा धूर, आणि मागे आमसुलासारखा आंबट-गोड एक सूर. जिभेवर तुरटपणा होता, पण मऊ झालेला; जुन्या सागवानी पाटावर हात फिरवावा तसा. आणि गिळल्यावर ती संपली नाही. बोलणे दुसऱ्या विषयावर गेले, तरी चव जागेवर होती. आम्ही या वाइनला थोर म्हणू, आणि हा शब्द आम्ही जपून वापरतो. खालच्या ओळींची वाइन रंगाने गडद, वासाने सुरुवातीस अधिक मोहक. पिकल्या जांभळाचा भरघोस वास होता. परंतु तुरटपणा वेगळा व फळ वेगळे, अशी ती वीस वर्षांनीही दुभंगलेली राहिली. मध्यभाग पोकळ, शेवट आखूड. वाईट म्हणता येणार नाही. पण एखाद्या प्रतिष्ठित घराण्यातील मनुष्य बोलावयास लागल्यावर निराशा व्हावी, तशी झाली खरी.

यावर कोणी म्हणेल, की हे वैविध्यच त्या मळ्याचे सौंदर्य. एकाच नावाच्या ऐंशी वाइन्स शोधीत बसण्यात रसिकाची करमणूक आहे. ही करमणूक श्रीमंतांची आहे. शंभराहून कितीतरी अधिक युरो मोजून बाटली घ्यावयाची आणि वीस वर्षांनी कळावयाचे की आपल्या वाट्याला रस्त्याची बाजू आली, यात शोधाचा आनंद आम्हांस दिसत नाही. दुसरा एक आक्षेप अधिक सबळ आहे. तो असा, की मातीपेक्षा माणूस मोठा. खालच्या ओळींचा कष्टाळू धनी वरच्या आळशी धन्यास हरवितो. हे आम्हांस मान्य आहे, आणि तसे तेथे घडतेही. छाटणी आखडती ठेवणारा, उतारा कमी घेणारा, चर काढून पाण्याचा निचरा करणारा धनी जड मातीतूनही सभ्य वाइन काढतो. पण हा आक्षेपही भिंतीच्या बाजूचा नाही. माती श्रेष्ठ माना किंवा माणूस, भिंत कोणत्याच हिशोबात बसत नाही.

तुलनेसाठी शेजारच्या मोरे गावातील ‘क्लो द तार’ पाहावा. तोही भिंतीतला, तोही सिस्टर्शियन पंथाचा. ११४१ मध्ये तार येथील साध्वींच्या मठाने तो घेतला. क्षेत्र अवघे साडेसात हेक्टर. राज्यक्रांतीनंतर तो विकला गेला, पण फुटला कधीच नाही. साध्वी, मग मारे-माँझ घराणे, १९३२ पासून मोमेसाँ घराणे, आणि २०१७ पासून पिनो उद्योगसमूह. नऊशे वर्षांत धनी चारच. तेथे ओळी उताराला आडव्या लाविलेल्या आहेत, जेणेकरून माती वाहून जाऊ नये. त्या वाइनमध्येही चांगली व सुमार वर्षे आली आहेत. मधल्या एका काळात ती तिच्या भूमीच्या मानाने हलकी उतरत असे, असे जाणकार सांगतात. पण तेव्हा दोष कोणाचा हे कळत होते, आणि म्हणून सुधारणा झाली. व्हूजोत दोष कोणाचाच नसतो.

उपाय नाही असे नाही, आणि तो अवघड नाही. भिंतीच्या आतील भागांना जुनी नावे आहेत. ग्राँ मोपर्तुई, म्युझिनी इत्यादी. थोडे धनी ती नावे आपल्या बाटलीवर लहान अक्षरांत छापतात. सर्वांनी छापावी. तेवढ्याने खालच्या धन्याची वाइन वाईट ठरणार नाही. ती काय आहे ते ग्राहकास कळेल, आणि ती घेणारे योग्य किमतीस घेतील. पण ज्यांना मोठ्या नावाच्या सावलीत सुख आहे ते असे करणार नाहीत, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीच्या द्राक्षभूमीला जागतिक वारशाचा मान दिल्यापासून त्या सावलीची किंमत वाढलीच असावी.

एवढे कठोर लिहूनही एक गोष्ट आम्ही भिंतीच्या पदरात टाकतो. तिने जमीन राखली. गोव्यातील आपली दैवते सोळाव्या शतकात जुन्या स्थानांवरून उठली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, आणि म्हाळसा वेर्ण्याहून निघाली ती ‘म्हार्दोळ’ हे वाड्याचे नावही बरोबर घेऊन. आपल्याकडे भूमी सुटली. दैवत, नाव आणि सेवेकरी टिकले. व्हूजोत याच्या उलट झाले. सेवेकरी गेले, धर्म गेला, एकोणिसाव्या शतकात मुळांना लागणाऱ्या फिलॉक्सेरा किडीमुळे साधूंच्या वेलींचा वंशही अमेरिकन मुळांवर कलम होऊन बदलला. माती आणि नाव तेवढे जागेवर राहिले. त्या मातीवर घरे उठली नाहीत, हे लहान काम नव्हे.

हे आम्ही हैदराबादेत बसून लिहितो, म्हणून त्याचे मोल आम्हांस अधिक. बशीरबाग, जामबाग, बागलिंगमपल्ली. या शहरात बागांची नावे रहदारीच्या चौकांना उरली आहेत. द्राक्षांच्या बाबतीतही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे ‘अनब-ए-शाही’ या लांबट, अंबरवर्णी द्राक्षाची लागवड झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही दशके हैदराबादच्या भोवतालचा मुलूख त्या द्राक्षासाठी देशभर प्रसिद्ध होता. पुढे रोग आले, बिनबियांच्या जातींची मागणी वाढली, आणि शहराने मळ्यांना एकरावर न मोजता चौरस यार्डांवर मोजावयास आरंभ केला. राजेंद्रनगरच्या द्राक्ष संशोधन केंद्रात त्या जाती आजही पाहावयास मिळतात. आसमंतातले मळे बहुतेक गेले. अनब-ए-शाही हे खाण्याचे द्राक्ष. त्याची वाइन मुरण्याजोगी झाली नसती, हेही सांगितले पाहिजे. पण जमीन राहिली असती, तर दुसरी वेल लाविता आली असती.

दख्खनला द्राक्ष नवे नाही. व्हूजोची भिंत पुरी झाली त्याच शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला होता, आणि तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेविले आहे. दौलताबाद १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते. त्या ‘दोनदा’मध्ये दख्खनच्या वाइनची सारी अडचण आहे. बर्गंडीची वेल हिमाच्या दिवसांत झोपते. आपली कधीच झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून तिला एकाच पिकावर आणावे लागते. फळ फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पिकते. साखर झटपट भरते, आम्लता झटपट उतरते, आणि मुरण्याला आधार तर आम्लतेचाच. सदा जागी राहणारी वेल लवकर थकतेही. नाशिक, नारायणगाव, अकलूज येथील द्राक्षमद्यांचा विचार याच अडचणीच्या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. त्यांना बर्गंडीच्या मापाने मोजून नाक मुरडणे हा अन्याय होईल.

यात आमचे लक्ष विशेष लागले आहे ते कोप्पळकडे. सालारजंगांच्या जहागिरीतला हा मुलूख. १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेला, आज कर्नाटकात आहे. तेथे हंपीच्या टेकड्यांच्या बाजूला हैदराबादच्या चिगुरुपाटी दांपत्याने ‘क्रिस्मा’ हा मळा उभा केला, आणि काबर्ने सोव्हिन्यों व सांजिओव्हेझे या तांबड्या जाती लाविल्या. धनी एक, मळा एक, नाव एक. त्या काबर्नेच्या दोन बाटल्या आमच्यापैकी एकाच्या घरी आहेत. हैदराबादचा मे महिना चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि वाइनला बारा-चौदा अंशांची, अंधारी, न हलणारी जागा लागते. स्वयंपाकघरातले कपाट किंवा देवघराखालचा कोनाडा यांपैकी काही उपयोगी नाही. म्हणून एक लहान शीतपेटी घेतली आहे, आणि वीज गेली की घरातले कोणीतरी तिच्यावर ओले पोते टाकते. त्या वाइनविषयी आमचे मत आम्ही आज देत नाही. दोन्ही बाटल्या आडव्या ठेवल्या आहेत. पहिली पाच वर्षांनी उघडावयाची ठरली आहे, दुसरीचे वर्ष अजून ठरविलेले नाही.